लघुवादाची मर्यादा वाढवा. पण सावकारासाठी नको

मजुरी बुडाली तर आपला माणूस काय करतो? दोन-चार वेळा मालकाच्या वाड्यावर चकरा मारतो. मग सरपंचाला सांगून पाहतो, तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला सांगून पाहतो. दोघेही मालकाच्याच बैठकीतले असतात. शेवटी तो आपल्या एखाद्या कार्यकर्त्याकडे येतो. कार्यकर्ता त्याला पोलीस ठाण्यात नेतो. तिथे सांगतात, "हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." आणि प्रकरण तिथेच संपते. कारण वीस-तीस हजारांसाठी दिवाणी कोर्टात जायचे म्हणजे वकिलाची फी, कोर्ट फी, बसभाडे आणि प्रत्येक तारखेला बुडणारा रोज. हिशेब केला तर बुडालेल्या पैशापेक्षा खर्च जास्त. हा हिशेब मालकालाही येतो. म्हणूनच तो निर्धास्त असतो.

समजा, बाळापूरकडच्या एका सालगड्याचे साल पाडव्याला संपले. ठरलेल्या रकमेतून मालकाने आधी उचल कापली, मग खाडे कापले, मग लेकराच्या दवाखान्याला दिलेले कापले. उरलेले तीस हजार "पुढच्या साली बघू" म्हणून ठेवून घेतले. लिखापढी नाही. साक्षीदार दुसरा सालगडी, आणि तोही त्याच मालकाकडे. या माणसासाठी आज न्यायव्यवस्थेची कोणती पायरी आहे? कागदावर आहेत तीन-चार. चढता येईल अशी एक तरी आहे का, हा आमचा प्रश्न आहे.

लहान रकमेच्या दाव्यांसाठी वेगळे, स्वस्त, झटपट कोर्ट असावे ही कल्पना नवी नाही. इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे सोडून बाकी प्रांतांसाठी १८८७ साली प्रांतिक लघुवाद न्यायालय कायदा केला. त्याच्या मूळ तरतुदीत मर्यादा ठेवली पाचशे रुपये, आणि सरकारला वाटले तर हजारापर्यंत. आज पाचशे रुपये ऐकून हसू येते. पण जरा गणित करा. पाचशे रुपये म्हणजे आठ हजार आणे. त्या काळी शेतमजुराचा रोज काही आण्यांतच असे. चार आणे धरले तरी पाचशे रुपये ही दोन हजार दिवसांची मजुरी होते. म्हणजे इंग्रज सरकारच्या लेखी "लहान दावा" हा मजुराच्या दोन हजार दिवसांच्या घामाएवढा होता. आज रोज चारशे रुपये धरा. दोन हजार दिवसांचे आठ लाख होतात. तेव्हा कोणी मर्यादा पाच लाखांवर नेण्याची मागणी केली आणि "एवढी मोठी रक्कम लहान कशी?" असे कोणी विचारले, तर त्याला १८८७ चा कायदा दाखवावा. मर्यादा वाढवणे म्हणजे गरिबाला नवीन काही देणे नव्हे. महागाईने त्याच्याकडून जे काढून घेतले, ते परत करणे आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कोर्टाच्या पायरीवर शेतकऱ्याला कारकून आणि वकील मिळून कसे सोलतात हे सविस्तर मांडले आहे. लघुवादाचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी आला. कायदा आला, पण पायरीवरचे लोक बदलले नाहीत.

आता मर्यादा कुठे वाढली आणि कुठे वाढली नाही, ते पाहू. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०१२ मध्ये एक कोटी झाली. २०२४ च्या जानेवारीपासून ती दहा कोटी आहे. उच्च न्यायालयावरचा बोजा कमी करायचा होता, म्हणून विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. कर्जवसुली न्यायाधिकरणाची खालची मर्यादा २०१८ मध्ये दहा लाखांवरून वीस लाख झाली. त्यामुळे त्याखालचे बँकांचे दावे जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टांकडे आले. म्हणजे बिल्डर, व्यापारी, बँका यांच्या सोयीसाठी आकडे हलतात, आणि झपाट्याने हलतात. उलट दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ पाहा. पैशाच्या वसुलीचा दावा पंचवीस हजारांपर्यंतचा असेल तर उच्च न्यायालयात दुसरे अपील नाही. ज्याचा दावा लहान, त्याच्या अपिलाचे दारही लहान. वीस हजारांसाठी लढणाऱ्या बाईचा कायद्याचा प्रश्न दोन कोटींच्या प्रश्नापेक्षा हलका असतो, हे कोणी ठरवले? यात भ्रष्ट न्यायाधीश कुठेच नाही. फक्त एक आकडा आहे, आणि तो आकडाच माणसांची प्रतवारी करतो.

मर्यादा वाढवली की सगळे ठीक होईल असे मानणाऱ्यांनी ग्राहक न्यायालयांचा इतिहास नीट वाचावा. आपल्या देशात खऱ्या अर्थाने लघुवाद न्यायालय म्हणावे असे काही उभे राहिले असेल तर ते १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. जिल्हा मंचाची मर्यादा सुरुवातीला एक लाख होती. १९९३ मध्ये ती पाच लाख झाली, २००३ पासून वीस लाख. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला आणि मर्यादा थेट एक कोटीवर गेली. दीड वर्षातच, डिसेंबर २०२१ मध्ये, सरकारने ती पन्नास लाखांवर खाली आणली. एवढी चढउतार झाली. पण जिल्हा आयोगात बसणारे किती? एक अध्यक्ष आणि दोन सदस्य. कायदा सांगतो की तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढा, मालाची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत. ज्यांनी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या आयोगात तारखा घेतल्या आहेत त्यांनी या मुदतीशी आपला अनुभव ताडून पाहावा. रिक्त पदांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून हाती घ्यावा लागला. सदस्यांच्या नेमणुकीच्या नियमांतले काही भाग आपल्या नागपूर खंडपीठानेच त्याच वर्षी रद्द ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तो निकाल कायम केला. मर्यादा वाढली, खुर्च्या वाढल्या नाहीत, आणि होत्या त्या भरल्या नाहीत.

आणि वाढीव मर्यादेचा फायदा कोणाला झाला? वऱ्हाडातल्या सोयाबीनवाल्याला? २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. महाबीजचे मुख्यालय अकोल्यात आहे, बियाण्याची बाजारपेठ आपल्या दाराशी आहे, आणि दुबार पेरणीचा खर्चही आपल्याच माथी. दोन बॅगांची किंमत काही हजार. नव्या कायद्यात तक्रारीचे मूल्य मोजतात ते दिलेल्या किमतीवरून. म्हणजे जिल्हा आयोगाची मर्यादा पाच लाख असो, पन्नास लाख असो की कोटी, बियाण्याची तक्रार जिल्ह्यातच येणार होती. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. मर्यादा चढत गेली ती फ्लॅटवाल्यांसाठी आणि विमेदारांसाठी. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, त्यांचीही फसवणूक होतेच. पण रांग एक आणि बेंच एक असेल, तर मोठी फाइल घेऊन येणारा वकील आधी ऐकला जातो, हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

तरीही ग्राहक आयोगाचे दार आपण पुरेसे वाजवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, आणि पेरून टाकलेल्या बियाण्याचा नमुना त्याने राखून ठेवला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही. पक्की पावती, रिकामी पिशवी तिच्या लेबलसह, आणि तालुका तक्रार निवारण समितीचा पाहणी अहवाल एवढे हातात असले तर लढता येते. आपल्या वस्त्यांतल्या ज्या घरांकडे दोन-चार एकर कोरडवाहू आहे, ठोक्याने किंवा बटईने केलेली शेती आहे, त्यांच्या पोरांनी हे पाठ करायला हवे. पावती मूळ मालकाच्या नावावर आणि पेरा बटईदाराचा, इथेच बहुतेकांची गाडी अडते. म्हणून बियाणे घेताना पावती स्वतःच्या नावावर घ्या. दुकानदार कुरकुरला तरी घ्या.

पण सालगडी ग्राहक नाही. सोंगणीचा गुत्ता घेणाऱ्या बायका ग्राहक नाहीत. जिनिंगमधला हमाल, वीटभट्टीवरचे जोडपे, घरकुलाच्या बांधकामावरचा मिस्त्री, यांपैकी कोणीही ग्राहक नाही. यांच्यासाठी कोर्ट कुठले?

आहे. २००८ चा ग्रामन्यायालय कायदा. २ ऑक्टोबर २००९ पासून तो लागू आहे. आमच्या कार्यकर्त्यांपैकी शंभरातल्या पाचांनी तरी तो वाचला असेल का, याची आम्हाला शंका आहे. ॲट्रॉसिटीचे कलम ३ पोटकलमांसह म्हणून दाखवणारी आपली पोरे दिवाणी कायद्याचे नाव काढले की जांभया देतात! वाचा एकदा. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणते दिवाणी वाद येतात? मजुरी आणि किमान वेतनाचे दावे. व्यापार किंवा सावकारीतून निर्माण झालेले पैशाचे दावे. भागीत केलेल्या शेतीचे वाद. सामाईक चराईचे वाद. पाटाचे पाणी कधी आणि किती घ्यायचे याचे वाद. आणि विहिरीतून किंवा कूपनलिकेतून पाणी भरण्याचा हक्क. शेवटचे पुन्हा वाचा. पाणी भरण्याचा हक्क. पहिल्या अनुसूचीत नागरी हक्क संरक्षण कायद्याखालचे आणि वेठबिगारीविरोधी कायद्याखालचे गुन्हेही आहेत. आपल्या वस्तीचे अर्धे जगणे या दोन अनुसूच्यांत लिहिलेले आहे.

दिवाणी दाव्याची फी जास्तीत जास्त शंभर रुपये. दाव्याची रक्कम कितीही असली तरी शंभरच. नेहमीच्या दिवाणी कोर्टात फी रकमेच्या प्रमाणात चढते, इथे नाही. दावा सहा महिन्यांत निकाली काढायचा आहे. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावात जाऊन कामकाज चालवायचे आहे. पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांत अडकायचे नाही, म्हणजे "लिखापढी नाही" एवढ्यावरून सालगड्याला हाकलता येणार नाही. निकालाची अंमलबजावणीही त्याच कोर्टाने सोप्या पद्धतीने करायची आहे. दिवाणीत हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्त करून पुन्हा पाच वर्षे बेलिफाच्या मागे फिरलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या एका तरतुदीचे मोल कळेल. न्यायाधिकारी नेमताना अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना प्रतिनिधित्व द्यायचे, हेही कायद्यातच लिहिले आहे.

मग घोडे कुठे अडले? दोन ठिकाणी. पहिले, राज्य सरकार ग्रामन्यायालय स्थापन "करू शकते" असा शब्द आहे, "करील" असा नाही. त्या एका शब्दाच्या आडोशाने राज्ये वर्षानुवर्षे बसून राहिली. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मागे राहिलेल्या राज्यांना चार आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगितले. केंद्राच्या योजनेत एका ग्रामन्यायालयासाठी अठरा लाखांची एकरकमी मदत आणि पहिली तीन वर्षे आवर्ती खर्चासाठी दरसाल काही मदत अशी तरतूद होती. तरीही महाराष्ट्रात ग्रामन्यायालये मोजक्याच ठिकाणी आहेत. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके, अकोल्यात सात. एकवीस तालुक्यांना एकवीस ग्रामन्यायालये ही मागणी अवास्तव आहे का? धारणीच्या कोरकू मजुराला अमरावती गाठायची म्हणजे मेळघाटाचा घाट उतरण्यात दिवस जातो. त्याच्यासाठी गावात येणारे कोर्ट ही चैन नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे कलम १३. ग्रामन्यायालयाने किती रकमेपर्यंतचे दावे ऐकायचे, ही मर्यादा कायद्यात लिहिलेलीच नाही. ती उच्च न्यायालयाने राज्य सरकारशी सल्लामसलत करून अधिसूचनेने वेळोवेळी ठरवायची आहे. म्हणजे मर्यादा वाढवायला ना संसद लागते ना विधिमंडळ. मुंबईच्या दहा कोटींसाठी कायदा दुरुस्त करावा लागला. मजुराच्या पाच लाखांसाठी एक अधिसूचना पुरते. आमची मागणी इथे नेमकी आहे: मजुरी, वेतन, बटई आणि उसनवारी यांचे एका व्यक्तीने केलेले दावे पाच लाखांपर्यंत ग्रामन्यायालयात चालावेत, आणि दर तीन वर्षांनी किमान वेतन वाढेल त्या प्रमाणात ही मर्यादा आपोआप वाढावी. वेतनाचे जुने कायदे २०१९ च्या वेतन संहितेत गुंडाळले गेले आहेत, तेव्हा अनुसूचीत नव्या संहितेचे नाव स्पष्ट घालून घ्यावे. नाहीतर उद्या समोरचा वकील याच फटीतून निसटेल.

आता मुद्दा येतो सावकाराचा. आम्ही "एका व्यक्तीने केलेले दावे" असे मुद्दाम लिहिले. अनुसूचीत सावकारीतून झालेले पैशाचे दावेही आहेत. सरसकट मर्यादा वाढवली तर सगळ्यात आधी रांगेत कोण उभे राहील? सालगडी नव्हे. फायनान्स कंपनीचा वसुली अधिकारी, शंभर फायली बगलेत मारून. शंभर रुपये फी, सहा महिन्यांत निकाल, सोपी अंमलबजावणी. कर्ज देणाऱ्याला याहून स्वस्त वसुली खाते कुठे मिळेल? बचत गटाच्या नावाने मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतलेल्या आपल्या आयाबहिणी मग या कोर्टात प्रतिवादी म्हणून उभ्या राहतील. चेक बाउन्सच्या कलम १३८ चे काय झाले ते पाहा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कंपनीने चेक जिथल्या खात्यात भरला तिथल्या कोर्टात खटला चालतो. दर्यापूरच्या कर्जदाराला लांबच्या शहरातून समन्स येते आणि तो ते घडी करून ट्रंकेत ठेवतो. गरिबासाठी म्हणून केलेली झटपट पद्धत गरिबावरच झटपट चालते, हे आपण एकदा पाहिले आहे.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लघुवाद न्यायालयाची मर्यादा २०२४ पासून माणसासाठी साडेबारा हजार डॉलर आहे आणि कंपनीसाठी त्याच्या निम्मी, सव्वासहा हजार. अडीच हजार डॉलरवरचे दावे एका वर्षात दोनपेक्षा जास्त करता येत नाहीत. दुसऱ्याचे थकीत कर्ज विकत घेऊन वसुली करणाऱ्याला तिथे दावाच लावता येत नाही. आणि सुनावणीत वकील नाही. मजूर आणि मालक दोघांनी स्वतः बोलायचे. भांडवलशाहीच्या माहेरघराला जर माणूस आणि कंपनी यांच्यात फरक करावासा वाटतो, तर समाजवादी हा शब्द प्रास्ताविकेत असलेल्या आपल्या देशाला का वाटू नये? उलट इंग्लंडने २०१३ मध्ये लघुवादाची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार पौंड केली ती सर्वांसाठी सारखी. आपल्याला कॅलिफोर्नियाचा रस्ता हवा. समान नसलेल्यांना समान मर्यादा देणे ही समता नव्हे, हे आरक्षणावर रोज वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना तरी वेगळे समजावायची गरज नसावी.

शिवाय परवाना नसलेल्या सावकारासाठी आपल्याकडे आधीच हत्यार आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार ज्याच्याकडे वैध परवाना नव्हता त्या सावकाराच्या बाजूने कोर्टाने हुकूमनामा द्यायचा नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारासाठी. सावकाराने कोर्टात खेचले तर पहिले वाक्य हेच: "परवाना दाखवा." ग्रामन्यायालयात हा प्रश्न न्यायाधिकाऱ्याने स्वतःहून विचारावा, असे अधिसूचनेत किंवा नियमांत यायला हवे.

आता आमच्याच गोटातून येणाऱ्या दोन आक्षेपांबद्दल. पहिला आक्षेप गंभीर आहे. "गावात कोर्ट म्हणजे पुन्हा गावकीच. बाबासाहेबांनी गावाला न्यायदानाचे अधिकार देण्याला विरोध केला होता." बरोबर आहे. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी हा धोका दाखवला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाबद्दल ते काय म्हणाले हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच भेद नीट समजून घेतला पाहिजे. ग्रामन्यायालयाचा न्यायाधिकारी हा सरपंच नाही, पंच नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्याची पात्रता असलेला माणूसच तिथे बसू शकतो. तो उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून नेमला जातो आणि त्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होते. गावकी आत शिरू शकते ती दुसऱ्या दाराने. कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगितले आहे आणि त्यासाठी गावपातळीवरच्या सामाजिक कार्यकर्त्यांची यादी जिल्हा न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून करायची आहे. ती यादी कोण भरते, खरा डाव तिथे आहे. त्या यादीत तंटामुक्तीचे तेच अध्यक्ष आणि सोसायटीचे तेच संचालक बसले, तर समेटाच्या नावाखाली तीस हजारांचे दहा हजार होतील आणि वर "मिटवून घे, गावात राहायचं आहे ना" हे ऐकावे लागेल. मग कोर्ट आणि चावडी यांत फरक काय राहिला? आपली वकील पोरे, समाजकार्य शिकलेल्या मुली, निवृत्त शिक्षक यांची नावे त्या यादीत गेली पाहिजेत. आणि मजुरीच्या दाव्यात ठरलेल्या रकमेखाली तडजोड लादायची नाही, असा नियम मागून घेतला पाहिजे.

दुसरा आक्षेप आम्हाला तितका पटत नाही. "कोर्ट त्यांचेच आहे, रस्त्यावर उतरल्याशिवाय काही मिळत नाही." रस्ता सोडा असे कोण म्हणते? १९२७ चे वर्ष आठवा. १३ नोव्हेंबरला बाबासाहेब आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. त्यानंतर महिन्याभरात, १४ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टाने चवदार तळ्याबाबत मनाई हुकूम दिला. सवर्णांनी तळे अडवले ते लाठीने, आणि नंतर दिवाणी दाव्याने. बाबासाहेबांनी काय केले? २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाचा हुकूम पाहून पुढे ढकलला, आणि तो दावा लढवला. महाड, ठाणे, मुंबई. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. जवळपास दहा वर्षे. एका पाणवठ्यासाठी दहा वर्षे दिवाणी लढणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत, आणि आपल्यालाच दिवाणी कोर्टाचा कंटाळा! तो वाद आज ग्रामन्यायालयाच्या अनुसूचीत बसतो, आणि तिथे त्याला सहा महिन्यांची मुदत आहे.

फौजदारी मार्गाने जिथे जाता येते तिथे जावेच. मजुरी न देता राबवून घेणे हे वेठ ठरत असेल, तर ॲट्रॉसिटी कायदा आहेच. पण प्रत्येक बुडालेल्या मजुरीत जातीचा उच्चार झालेला नसतो, साक्षीदार फुटतात, आणि गुन्हा नोंदला तरी तीस हजार रुपये खिशात येतात असे नाही. पैसे परत मिळवण्याचे कोर्ट वेगळे असते. ते आपल्याला तालुक्यात हवे.

कामाला लागायचे तर सुरुवात सोपी आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारा की ग्रामन्यायालय आहे का, असेल तर आठवड्यातून किती दिवस बसते, गावात कधी गेले होते, आणि किती रकमेपर्यंतचे दावे घेते. उत्तर तोंडी मिळाले नाही तर माहिती अधिकारात मागा. अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, वरुड, जिथे जिथे आपली शाखा आहे तिथून एकेक अर्ज गेला तरी दोन्ही जिल्ह्यांचे चित्र समोर येईल. त्या आकड्यांसह उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांना आणि राज्याच्या विधी व न्याय विभागाला निवेदन द्यायचे. निवेदनात घोषणा नकोत. कलम ३ खाली प्रत्येक तालुक्याला ग्रामन्यायालय, कलम १३ खाली पाच लाखांची मर्यादा, कंपन्या आणि सावकारांसाठी वेगळी व फार कमी मर्यादा, आणि समेटकारांच्या यादीत अनुसूचित जाती-जमातींचे व महिलांचे प्रतिनिधित्व, एवढेच लिहायचे. बार असोसिएशनमधल्या आपल्या वकिलांना सोबत घ्या. काही वकील नाराज होतील, कारण स्वस्त कोर्ट म्हणजे कमी फी. त्यांच्याशी वाद घाला, पण वैर नको. जिल्ह्याला आपले वकील तसेही कमीच आहेत.

ग्रामन्यायालय येईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीची खोली असते. जातीचा दाखला आणि साधा अर्ज पुरतो. बुडालेल्या मजुरीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत आहे, ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची. म्हणजे मागच्या दोन पाडव्यांना ज्यांचे पैसे मालकांनी ठेवून घेतले, त्यांचे दावे आजही जिवंत आहेत. अशी माणसे आपल्या वस्तीत कोण आहेत, त्यांची नावे, रक्कम आणि साल संपल्याची तारीख एका वहीत लिहून काढा. येत्या रविवारच्या विहारातल्या बैठकीला ती वही घेऊन या.

जय भीम.